स्कॉटलंडचा हिवाळा आणि मेणबत्त्यांच्या उजेडातला दुपारचा चहा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि ग्लासगो किंवा एडिनबरोत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला इथला हिवाळा खऱ्या अर्थाने कळू लागतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ग्लासगोत सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारला मावळतो. दिवस जेमतेम ७ तासांचा असतो आणि तोही बहुधा ढगाळ. मुंबईत त्याच दिवशी जवळपास ११ तास उजेड असतो. या काळात नवीन आलेली माणसे दार लावून बसतात आणि ओळखीपाळखी वाढवण्याचे काम उन्हाळ्यावर ढकलतात. मला हे उलटे वाटते. उन्हाळ्यात इथली माणसे घराबाहेर असतात, प्रवासाला जातात, बागेत रमतात. शेजाऱ्यांना, कार्यालयातल्या सहकाऱ्यांना किंवा मुलांच्या शाळेतल्या पालकांना घरी बोलवायचे असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने चांगले, आणि त्यासाठी जेवणापेक्षा दुपारचा चहा कितीतरी सोयीचा.

जेवणाचे आमंत्रण पाहुण्यावर नकळत ओझे टाकते. तितक्याच तोलामोलाचे जेवण परत घालावे लागेल, हा विचार इथल्या माणसाच्याही मनात येतोच. चहाचे तसे नाही. तो दोन तासांत संपतो, स्वस्तात होतो आणि त्याची परतफेड सोपी असते. त्यातून ग्लासगो हे चहागृहांचे जुने शहर आहे. दारूबंदीची चळवळ इथे जोरात असताना केट क्रॅन्स्टन या बाईंनी १८७८ मध्ये आपले पहिले चहागृह उघडले, आणि १९०३ मध्ये सॉकीहॉल स्ट्रीटवर उघडलेल्या त्यांच्या ‘विलो टी रूम्स’ची रचना ग्लासगोचे वास्तुशिल्पकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांनी केली. पुरुषाची सोबत नसलेल्या बाईला निवांत बसता येईल, अशा जागा तेव्हा शहरात थोड्याच होत्या. ही चहागृहे त्यांपैकी होती. दुरुस्तीनंतर ती इमारत आजही पाहता येते. घरी कोणाला बोलावण्यापूर्वी तिथे एकदा जाऊन बसावे, कारण किती माणसांत किती पदार्थ ठेवतात आणि किती सावकाश खातात, याचा अंदाज तिथे आपोआप येतो.

आमंत्रण दोन-तीन आठवडे आधी द्यावे आणि त्यात सुरू होण्याची व संपण्याची वेळ स्पष्ट लिहावी. संपण्याची वेळ लिहिणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते, पण इथे त्याने पाहुण्याची सोय होते. स्कॉटलंडच्या अनेक घरांत संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात. त्यामुळे नुसते ‘चहाला या’ म्हटले तर कोणी भुकेल्या पोटी सहा वाजता दारात उभे राहण्याची शक्यता असते. ‘रविवारी दुपारी अडीच ते साडेचार, चहा आणि केक’ एवढे लिहिले की शंका उरत नाही. त्याच निरोपात खाण्याचे पथ्य आणि ॲलर्जी विचारून घ्यावी. मुले आणायची की नाहीत हेही सांगून टाकावे, कारण न विचारता मुलांना घेऊन येण्याची इथे पद्धत नाही आणि विचारायला माणसे संकोचतात.

डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे टाळावेत. नाताळ आणि ३१ डिसेंबरचा हॉगमने, म्हणजे नव्या वर्षाच्या स्वागताचा स्कॉटिश सण, यांत सगळे गुंतलेले असतात. (नाताळचा दिवस स्कॉटलंडमध्ये १९५८ पासूनच सार्वजनिक सुट्टीचा झाला, त्याआधी खरा सण नव्या वर्षाचाच होता आणि त्याचा जोर अजून टिकून आहे.) माझ्या मते सर्वांत उत्तम वेळ म्हणजे जानेवारीचा मध्य. सण संपलेले असतात, खिसे रिकामे असतात, अनेकांनी महिनाभर दारू सोडलेली असते आणि कोणाकडेच काही ठरलेले नसते. नेमकी तेव्हाच आपली संक्रांत येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला बायकांना घरी बोलवायचे, काहीतरी गोड हातावर ठेवायचे आणि छोटीशी वस्तू लुटायची, ही रीत आपल्याकडे तयारच आहे. तिला थोडे सैल करून स्त्री-पुरुष सर्वांना बोलावले, तर इथल्या चहाच्या चौकटीत ती अगदी सहज बसते. काळे कपडे घालण्याची प्रथाही पाहुण्यांना सांगावी, कारण इथल्या हिवाळी कपाटात काळ्याला तोटा नसतो. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. तीळ हा इथल्या कायद्याने ठरवलेल्या १४ प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांपैकी एक आहे, म्हणून तिळगूळ हातावर ठेवण्यापूर्वी विचारणे भागच आहे.

माणसे सहापेक्षा जास्त नकोत. सदनिकेतल्या बैठकीच्या खोलीत सहा जण एका गप्पेत राहतात. आठ झाले की दोन गट पडतात आणि नवखा यजमान दोन्हींच्या मध्ये ट्रे घेऊन फिरत राहतो. सगळे मराठीच किंवा सगळे इथलेच, अशी विभागणीही करू नये. एखादे मराठी कुटुंब सोबत असले तर यजमानाला धीर येतो, मात्र मराठीत बोलणे त्या दोन तासांपुरते बाजूला ठेवावे.

आता मेणबत्त्यांविषयी, आणि हे जरा सविस्तर, कारण नवीन माणसे एकतर घाबरून त्या लावतच नाहीत किंवा दिवाळीच्या उत्साहाने खिडकीची अख्खी कड उजळून टाकतात. पहिली गोष्ट म्हणजे भाडेकरार वाचावा. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत मेणबत्तीला मनाई असते आणि काही घरमालकांच्या करारांतही उघड्या ज्योतीवर बंदी असते. अशा ठिकाणी बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्त्या वापराव्यात, त्यात कमीपणा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे धुराचे अलार्म. फेब्रुवारी २०२२ पासून स्कॉटलंडमधल्या प्रत्येक घरात बैठकीच्या खोलीत आणि प्रत्येक मजल्याच्या बोळात धुराचा अलार्म, तर स्वयंपाकघरात उष्णतेचा अलार्म असावा लागतो, आणि हे सगळे एकमेकांशी जोडलेले असावे लागतात. एक वाजला की सगळे वाजतात. शांतपणे जळणाऱ्या चार-पाच मेणबत्त्यांनी अलार्म सहसा वाजत नाही. धोका असतो तो फुंकर मारून त्या एकदम विझवताना, कारण तेव्हा वातीचा दाट धूर वर जातो. त्यासाठी धातूची टोपी असलेला दांडा मिळतो, तो वापरावा, आणि मेणबत्त्या अलार्मच्या अगदी खाली मांडू नयेत.

वात लावण्यापूर्वी कापून साधारण अर्धा सेंटिमीटर ठेवली की ज्योत फडफडत नाही आणि काजळी धरत नाही. दोन मेणबत्त्यांमध्ये किमान १० सेंटिमीटर अंतर असावे. पडदे, कागदी सजावट आणि पुस्तकांचे कपाट यांच्यापासून त्या दूर असाव्यात, आणि कोणी हात पुढे करून काही उचलेल अशा जागी तर मुळीच नसाव्यात. साडीचा पदर, ओढणी आणि कृत्रिम धाग्याच्या सैल बाह्या यांना पेट घ्यायला क्षणही पुरतो. खाण्याच्या टेबलावर सुगंधी मेणबत्ती नको, कारण तिच्यापुढे चहाचा वास राहत नाही. दिवाळीतल्या उरलेल्या मातीच्या पणत्या वापरायच्या असतील, तर खाली स्टीलचे ताट ठेवावे, कारण माती तेल शोषते आणि घरमालकाच्या लाकडी टेबलावर त्याचा डाग उमटतो. जुन्या दगडी इमारतींतल्या सदनिकांत बहुधा बंद केलेली शेकोटी असते. तिच्यात लाकडे पेटवण्याचा विचार करू नये, कारण धुराडे बुजवलेले असू शकते. पण तिथे गॅसचे यंत्र नसेल, तर तिच्या दगडी कोनाड्यात ठेवलेल्या चार जाड मेणबत्त्या खोलीला फार शोभा देतात.

मेणबत्त्या आधीच लावून ठेवण्यापेक्षा पाहुणे आल्यावर, बाहेरचा उजेड उतरू लागल्यावर, साडेतीनच्या सुमारास लावाव्यात. इथला संधिप्रकाश आपल्याकडच्यासारखा झटकन संपत नाही, सूर्य मावळल्यावरही बराच वेळ रेंगाळतो, आणि तो बदल सर्वांनी मिळून पाहण्यातच या बैठकीची मजा आहे. छतावरचा मोठा दिवा बंद करावा, पण कोपऱ्यातला एखादा दिवा आणि बोळातला दिवा चालू ठेवावा. वयस्कर पाहुण्याला कप कुठे आणि बशी कुठे, हे दिसले पाहिजे. हीटिंग तासभर आधी सुरू करून पाहुणे आल्यावर थोडे कमी करावे, कारण माणसांनी खोली आपोआप तापते.

चहाच्या बाबतीत नशिबाने आपण योग्य शहरात आलो आहोत. ग्लासगोचे पाणी १८५९ पासून लॉख कॅट्रिन या सरोवरातून येते आणि ते अतिशय मृदू आहे. लंडनच्या जड पाण्यात चहावर तवंग येतो, तसा इथे येत नाही, आणि रंगही लवकर उतरतो. किटलीला आधी गरम पाण्याने विसळून घ्यावे, माणशी एक चमचा पत्ती घालावी, नुकतेच उकळलेले पाणी ओतावे, तीन-चार मिनिटे झाकून ठेवावे आणि वर लोकरीची टोपी घालावी. दूध वेगळ्या भांड्यात, थंडच द्यावे; ते गरम करण्याची गरज नसते. याच्या जोडीला आपला उकळलेला चहा जरूर करावा, पाहुणे त्याची वाट पाहत असतात. त्यासाठी निळ्या झाकणाचे पूर्ण सायीचे दूध आणावे, हिरव्या झाकणाच्या दुधाने तो पाणचट होतो. आले किंवा सुंठ आणि वेलदोडा पुरे. साखर मात्र घालू नये, वेगळी ठेवावी, कारण बिनसाखरेचा चहा पिणारे इथे बरेच असतात. हा चहा आधीच करून, गाळून थर्मासमध्ये भरून ठेवला की यजमानाला गॅसपाशी उभे राहावे लागत नाही. कप-बश्यांसाठी नवीन संच विकत घेऊ नये. धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत नाजूक चिनी मातीचे सुंदर कप थोडक्या पैशांत मिळतात, आणि ते एकमेकांशी जुळत नसले तरी कोणालाही त्याचे काही वाटत नाही.

पदार्थ चार असावेत, पाचवा नको. काकडीचे किंवा चीजचे छोटे सँडविच, स्कोन (छोटे, गोल, भाजलेले पाव) आणि जॅम, एक इथला गोड पदार्थ आणि एक आपला, एवढे सहा जणांना पुरून उरते. शॉर्टब्रेड घरी करणे अगदी सोपे आहे. एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग मैदा, अंडे नाही, आणि मंद आचेवर भाजायचे. ज्याला नानकटाई जमते त्याला हे शिकवावे लागत नाही. विकतचे घेताना वेष्टन वाचावे. नाताळच्या दिवसांतल्या मिन्स पायमध्ये नावाप्रमाणे मांस नसते, सुकामेवा असतो. पण काहींत गाईची चरबी असते. मार्शमेलोमध्ये प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असते आणि काही चीज प्राण्यांच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने विरजलेले असते. आपल्या बाजूने चकली, शेव किंवा खारी शंकरपाळी ठेवावी. ग्लुटेन न चालणारा पाहुणा असेल, तर बेसनाची शेव चालेल असे परस्पर ठरवू नये, कारण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

थंडी, पाऊस आणि गरम भजी हे समीकरण मला मान्य आहे, पण या बैठकीत भजी करू नयेत. तळणीचा वास बंद खिडक्यांच्या घरात आणि सामाईक जिन्यात दोन दिवस राहतो, आणि मुख्य म्हणजे घरातले एक माणूस, बहुतेक वेळा गृहिणी, शेवटपर्यंत स्वयंपाकघरात अडकते. इथे पाहुणे यजमानाला भेटायला येतात. यजमान खुर्चीवर बसलेला नसेल, तर त्यांना आपण अडचण केली असे वाटू लागते आणि ते लवकर उठतात. म्हणून सगळे आधी करून, झाकून, टेबलावर मांडून ठेवावे, चिमटा आणि सुरी जवळ ठेवावी आणि आपणही बसावे.

आग्रहाचेही तसेच आहे. एखाद्याच्या ताटलीत न विचारता वाढणे इथे खटकते, आणि वाढलेले टाकणे त्याहून अवघड जाते, त्यामुळे पाहुणा मुकाट्याने खातो आणि पुढच्या वेळी बिचकतो. एकदा विचारावे, संकोचाने नाही म्हटले असेल अशी शंका आली, तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा एकदा विचारावे, आणि तेवढ्यावर थांबावे. पाहुण्याने आणलेली बिस्किटे किंवा केक तिथेच उघडून टेबलावर ठेवावेत, आत नेऊन ठेवू नयेत. पगार, घराची किंमत, लग्न का नाही, मुले किती, हे विषय पहिल्या भेटीत नकोत. हवामान, गाव आणि पावसाळी सुट्ट्या यांवर इथली माणसे तासन्‌तास रंगतात.

साडेचारच्या आसपास कोणीतरी मांडीवर हात आपटून ‘राइट’ म्हणेल. ती निघण्याची खूण असते, तेव्हा बसा-बसा म्हणू नये, कोट आणून द्यावेत. मेण सतरंजीवर सांडले असेल तर ते ओले असताना पुसू नये. बर्फाने कडक करून खरवडावे आणि उरलेला डाग साध्या कागदावरून कोमट इस्त्री फिरवून काढावा, नाहीतर घर सोडताना अनामत रकमेतून त्याचे पैसे कापले जातात. परतीचे आमंत्रण महिना-दीड महिन्याने येते, कधी जिन्यातच तोंडी दिले जाते. ते स्वीकारावे, दिलेल्या वेळेनंतर पाच-दहा मिनिटांनी पोहोचावे, आधी नव्हे, आणि सोबत घरच्या चिवड्याचा लहान डबा न्यावा, शेंगदाणे आहेत अशी चिठ्ठी त्यावर चिकटवून.