स्ट्रोकच्या पेशंटला एएफओ देताना: नव्या इंटर्नसाठी

न्यूरोच्या पोस्टिंगला गेलात की लवकरच कुणीतरी विचारेल, "यांना एएफओ देऊ या का?" एएफओ म्हणजे अँकल-फूट ऑर्थोसिस, घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार. मग सगळ्यांची नजर घोट्याकडे जाते. पाऊल लोंबतंय, बोटं फरशीला घासताहेत, पेशंट कंबर उचलून पाय बाहेरून फिरवून आणतोय. झालं, फूट ड्रॉप! माझं म्हणणं, आधी गुडघा बघा.

घोटा 90 अंशांत घट्ट धरला, की टाच टेकल्यावर पाऊल खाली लवत नाही. त्यामुळे नडगी पुढे ढकलली जाते आणि गुडघा वाकतो. क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, कमजोर असेल तर पेशंट तिथेच खाली बसेल. उलट, उभं राहताना ज्याचा गुडघा मागे लॉक होतो, त्याला नडगीचं हे पुढे येणंच हवं असतं. नुसतं पाऊल लोंबत असेल, पोटरीत फारसा ताण नसेल, तर पोस्टीरियर लीफ स्प्रिंग या लवचीक एएफओवर भागतं. पाऊल आत वळत असेल, पोटरी ताठ असेल, तर सॉलिड, म्हणजे घोटा हलू न देणारी कडक एएफओ. पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक दोन्हीकडे तेच. ट्रिम लाइन, म्हणजे प्लास्टिकची कापलेली कड, घोट्याच्या हाडांपुढे ठेवली की कडक, मागे नेली की लवचीक.

कास्ट, म्हणजे पायाचा साचा, घेण्याआधी घोटा किती वर येतो ते गुडघा सरळ ठेवून तपासा. वाकवून तपासलं तर पोटरीचा गॅस्ट्रोक्नेमियस स्नायू सैल पडतो आणि पाऊल छान वर येतं, अगदी फसवं. येत नसताना 90 ला कोंबलं, तर आत टाच उचलली जाते, पट्टे काचतात आणि एएफओ माळ्यावर जाते.

माळ्यावर जाण्याचं दुसरं कारण आपली घरं. एएफओ बुटाच्या आत घालायची; नुसतं प्लास्टिक टाइल्सवर सटकतं. पण घरात बूट म्हटलं की सासूबाईंच्या कपाळावर आठ्या! म्हणून कास्टच्या दिवशीच घरच्यांना सांगा, घरापुरते वेगळे, बाहेर न नेलेले बूट ठेवा. दोन्ही पायांत घालायचे, आतलं सोल काढता येईल असे, थोडे मोठे. टाच ट्रायलला होती तेवढीच उंच हवी, नाहीतर नडगीचा कोन बदलतो.

ट्रायलला पेशंटच्या हातात एएफओ द्या आणि गप्प बसा. उजवी बाजू गेलेल्या काकू डाव्या हाताने पट्टा कड्यातून ओवतात, ओढतात, तोवर टाच वर सरकलेली असते. टाच मागे दाबून आधी घोट्याचा पट्टा, मग पोटरीचा, हा क्रम त्यांच्याकडून घोटून घ्या. खाली लांब सुती मोजा. काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर परत या, हे नवऱ्यालाही सांगा. पेशंटच्या पायाला संवेदना कमी असेल तर त्याला टोचलेलं कळणारच नाही.

"याने स्नायू आळशी होतात" हे नातेवाईक म्हणतील, एखादे सरही. एएफओ स्नायू बरा करत नाही. घातलेली असताना चालणं सुरक्षित आणि थोडंफार वेगवान करते. पाऊल उचलण्याचे व्यायाम, वजन टाकण्याचा सराव ती काढून वेगळा चालू ठेवायचा. वाद घालू नका, 10 मीटर चालवा, एकदा एएफओ घालून, एकदा काढून, आणि दोन्ही खेपांना लागलेला वेळ फाइलमध्ये लिहून सरांपुढे ठेवा.