पन्नाशीनंतर निवृत्तीची तजवीज
मी ५१व्या वर्षी सुरुवात केली. महिनाभर प्रत्येक खर्च वहीत लिहिला. चौथ्या पानावर सापडलं, न वापरलेल्या तीन वर्गण्या दरमहा कापल्या जात होत्या. त्याच दिवशी बंद केल्या.

आधी क्रेडिट कार्डाचं कर्ज फेडा. तेवढं व्याज कुठलीही सुरक्षित गुंतवणूक देत नाही. मग पगार जमा होताच बचत आपोआप वळती होईल अशी सोय करा. पैसे किती वर्षांत दुप्पट होतील हे कळायला ७२ला व्याजदराने भागा: ८ टक्क्यांनी पैसे साधारण ९ वर्षांत दुप्पट. उशीर भरून काढायला मोठ्या जोखमीच्या मागे मात्र कृपा करून लागू नका. बुडालेलं पुन्हा उभं करायला आपल्याकडे वर्षं कमी आहेत. त्यापेक्षा तब्येत साथ देत असेल तर दोन वर्षं जास्त काम करा. पुंजी वाढते, शिवाय ती पुरवायची वर्षंही घटतात.