ब्युरेटवर कोण उभं आहे? केमिस्ट्रीच्या गटकामात या चुका टाळा

तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी प्रथम वर्षाची बॅच. एका टेबलाशी चौघं. ब्युरेटवर, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायच्या मापाच्या नळीवर, उभा आहे तो लातूरला नीटची तयारी करून आलेला. दुसरा फ्लास्क हलवतो. मुलगी रीडिंग लिहिते, कारण 'तुझं अक्षर चांगलं आहे'. चौथ्याची एसटी उशिरा आली, म्हणून तो मागून बघतोय. तासाअखेर चौघांचीही जर्नलं पूर्ण. बरीच वर्षं मी यालाच गटानं शिकणं समजत होतो. अख्खं वर्ष त्या मुलीच्या हाताला ब्युरेट लागलेली नसायची, आणि हे माझ्या लक्षात यायचं थेट परीक्षेच्या दिवशी.

'तुमचे तुम्ही गट करा' असं सांगणं

असं सांगितलं की गाववाले गाववाल्यांजवळ जातात, एका क्लासची मुलं एकत्र येतात, होस्टेलची खोली सगळीच एका टेबलावर. कोणत्या आडनावाजवळ कोण उभं राहत नाही, हेही दिसतं; न बघितल्यासारखं करू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकारानं १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज उभं राहिलं ते शिक्षणापासून दूर ठेवलेल्यांना आत घेण्यासाठी. आत आलेल्या मुलाला लॅबच्या टेबलावर कोणती जागा मिळते, हे आजही आपल्याच हातात आहे.

गट शिक्षकानं पाडावेत. पहिल्या आठवड्यात मोल संकल्पनेवर दहा मिनिटांची चाचणी घ्या, तिचा अंदाज घेऊन मिश्र गट करा. चिठ्ठ्या टाकल्या तर तीन मुलांत एकटी मुलगी येऊ शकते आणि ती हमखास लेखनिक होते. सुरुवातीला तरी दोन मुली एका गटात ठेवा. पाच-सहा प्रॅक्टिकलनंतर गट बदला.

कामं वाटून न देणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या, म्हणजे फ्लास्कमधल्या आम्लात रंग टिकेपर्यंत ब्युरेटमधून परमँगनेट सोडून प्रमाण मोजणं. सीबीआरसाठी, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या ब्युरेट रीडिंगसाठी, तीन रीडिंग लागतातच; मग ती तीन वेगळ्या हातांनी घ्यायला लावा. दर रीडिंगला ब्युरेटवरचा माणूस बदलायचा, चौथ्यानं पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) आणि तापमान सांभाळायचं, पुढच्या वेळी तो आधी ब्युरेटवर. रीडिंग जुळली नाहीत तर ओरडू नका. खरी चर्चा तिथंच सुरू होते. एकानं गडद रंगामुळे ब्युरेटमधल्या द्रावणाची वरची कड वाचलेली असते, दुसरीनं सवयीनं खालची. एकानं फिकट गुलाबी दिसताच थांबवलेलं असतं, दुसऱ्यानं दोन थेंब जास्त सोडलेले असतात. चूक शोधायला चौघांना एकमेकांचं ऐकावंच लागतं.

एकट्याला सुटेल असा प्रश्न गटाला देणं

'०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक आम्ल एक लिटर करायला किती ग्रॅम लागेल?' क्लास केलेला मुलगा ६.३ म्हणतो, बाकीचे उतरवतात. त्याऐवजी विचारा: परमँगनेटच्या पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जायला वेळ लागतो, नंतरचे लगेच का जातात? एकदा मागच्या टेबलावरून आवाज आला, 'सर, पहिला रंग जाईनाच की! आम्ही गरम कमी केलं का?' प्रश्न रास्त होता, कारण ६०-७० अंशांपर्यंत गरम केलं नाही तर अभिक्रिया रेंगाळते. पण नीट गरम करूनही सुरुवात संथच असते. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयनच पुढची अभिक्रिया वेगानं घडवतात. इथवर टेबल चर्चा करत पोचलं, आणि ती चर्चा चालू केली होती वर्गात कधी न बोलणाऱ्या मुलानं.

इंग्रजीतच बोलायला लावणं

दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल इंग्रजीत विचार जुळवता जुळवता गप्प होतं. टेबलावर मराठीत बोलू द्या, मराठवाडीत बोलले तरी चालेल. शेवटची दोन वाक्यं इंग्रजीत सगळ्यांनी मिळून लिहावीत.

गटाचं काम घरी देणं

अपडाऊन करणाऱ्यांची शेवटची गाडी ठरलेली असते. बीडकडच्या काही मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्यावर जातात, मागे जनावरं आणि धाकटी भावंडं त्यांच्यावर. रात्री नऊला व्हॉट्सॲपवर ठरलेलं काम त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि गटात ती 'काम न करणारी' ठरतात. जे करायचं ते तासातच.

महिन्यातून एकदाच गटकाम घेणं

अमेरिकेतल्या विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये आला. सक्रिय शिकण्यामुळे, म्हणजे नुसतं ऐकण्याऐवजी स्वतः करून, चर्चा करून शिकल्यामुळे, वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांची परीक्षेच्या गुणांतली दरी सरासरी ३३ टक्क्यांनी कमी झाली होती. पण तासाचा मोठा भाग अशा कामाला दिला, त्याच वर्गांत ती कमी झाली. तोंडी लावण्यापुरतं गटकाम घेऊन इथंही फरक दिसायचा नाही.

गुणांबद्दल थोडंच: गटाला एकच गुण देऊ नका. तोंडी प्रश्न कुणालाही विचारला जाईल हे आधीच सांगा, म्हणजे हुशार मुलगा शेजारच्याला समजावून सांगतो.

एवढं करूनही एखादं टेबल गप्पच राहिलं, तर हजेरीच्या कागदावर एक रकाना वाढवा: आज ब्युरेटवर कोण होतं. तीन आठवडे एकच नाव आलं, तर चौथ्या आठवड्यात प्रॅक्टिकल सुरू होण्याआधी त्या टेबलाशी जाऊन उभे राहा, आणि कधीच न आलेल्या नावाच्या हातात ब्युरेट भरायला द्या.