नूनची तयारी: दोराआधी दिवस मोजा

नूनला जायचं ठरलं की सामानाची यादी नंतर काढा, आधी कॅलेंडर काढा. कारगिलच्या दक्षिणेला सुरू खोऱ्याच्या वर ७,१३५ मीटरचं नून शिखर आणि शेजारी ७,०७७ मीटरचं कुन उभं आहे. सह्याद्रीत पाऊस कोसळत असतो तेव्हा मान्सूनचा जोर मुख्य हिमालयापाशीच ओसरतो आणि पलीकडे झांस्करच्या, म्हणजे नूनच्या, बाजूला पुष्कळसं कोरडं राहतं. म्हणून हंगाम जुलै ते सप्टेंबर. मेच्या सुट्टीत बसणारी ही मोहीम नाही, भर पावसाळ्यात रजा मागावी लागते आणि तीही पंचवीस दिवसांची. प्रवासाचे जाऊन-येऊन सहा, हवेशी जुळवून घ्यायचे चार, बेस कॅम्प लावायला दोन, वरच्या कॅम्पांवर सामान चढवायला पाच, माथ्याच्या प्रयत्नाला तीन. हे वीस झाले. उरलेले पाच निव्वळ राखीव. त्यांना हात लावायचा नाही.

आमच्या पहिल्या खेपेला रजा मिळेना म्हणून आम्ही हेच पाच दिवस कापले. कॅम्प दोनवर वाऱ्याने तीन दिवस तंबूबाहेर पडू दिलं नाही. चौथ्या सकाळी लख्ख उघडलं आणि त्याच सकाळी आम्ही खाली निघालो, कारण परतीची तिकिटं पक्की होती. अंगात ताकद होती, सामान धड होतं, माथा समोर दिसत होता. दिवस तेवढे संपले होते. तेव्हापासून मी कुणाचीही यादी वाचताना आधी राखीव दिवस शोधते.

परवानगी दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडून घ्यायची. अर्ज काही महिने आधी करा, मंजुरीच्या पाच-सहा प्रती काढा आणि दोन वेगळ्या जणांच्या सॅकमध्ये वाटून ठेवा. विम्याची पॉलिसी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ट्रेकिंगच्या विम्यात बहुधा उंचीची मर्यादा असते, आणि दोर आणि क्रॅम्पॉन (बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बसवायचे टोकदार दाते) वापरून केलेली चढाई वगळलेली असू शकते.

संघात कोण, हा प्रश्न सरावाच्या आधीचा. प्रत्येकाचा गिर्यारोहणाचा किमान बेसिक कोर्स झालेला हवा. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली, पहलगाम, कुठूनही चालेल. सह्याद्री दमसास देतो, कातळ शिकवतो, पण घसरताना आइस ॲक्सने स्वतःला थांबवायला तो शिकवू शकत नाही. एखादं सहा हजारी शिखरही आधी झालेलं असावं. सरावासाठी सहा महिने धरा. आठवड्यातून दोनदा सिंहगड, पाठीवर पाच किलोपासून सुरुवात करून पंधरापर्यंत, आणि उतरतानाही वजन पाठीवरच ठेवा. उतारावर थकलेले गुडघे दगा देतात, नूनवरही तेच होतं.

जाताना लेहला विमानाने उतरलात तर एका दिवसात ३,५०० मीटरवर पोचाल. मला श्रीनगरचा रस्ता बरा वाटतो. झोजिला ओलांडताना ३,५२८ मीटर गाठता, पण मुक्कामाला कारगिलला, सुमारे २,७०० मीटरवर, खाली येता. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच करा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, सरळ रेषेत चालता न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी खाली न्यायचं. उजाडायची वाट बघायची नाही.

सामानात सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्या. डबल बूट (आत वेगळा उबदार बूट असलेले) भाड्याने घ्यायचे असतील तर दोन मोजे घालून, जिना उतरून बघा. अंगठा पुढे टेकला तर एक नंबर मोठा घ्या. क्रॅम्पॉन त्याच बुटावर बसवून बघा आणि त्याखाली बर्फाचे गोळे चिकटू नयेत म्हणून लावायच्या प्लेट आहेत ना, ते तपासा. हार्नेस, ज्युमार (दोरावरून वर चढायची पकड), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), हेल्मेट, हिमभेगांसाठी दोर हे तुम्हाला ठाऊकच असतं. विसरतो ते जादा हातमोजे आणि जादा गॉगल. वाऱ्यात एक हातमोजा उडाला की बोटंच पणाला लागतात. गॅसचे कॅन विमानात नेता येत नाहीत, ते तिथल्या एजन्सीकडे आधीच सांगून ठेवा. नुसता ब्यूटेन शून्याखाली पेटता पेटत नाही, प्रोपेन मिसळलेला मागा. बर्फ वितळवूनच पाणी मिळतं, म्हणून गॅस संपला की पाणीही संपलं.

बेस कॅम्पला, साधारण ४,६०० मीटरवर, पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर नसेल तर डाळ रात्रभर टणकच राहील. वर भूक मरते, तेव्हा घरची चव उपयोगी पडते. मेतकूट, भाजलेलं सातूचं पीठ, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, लिंबाचं लोणचं न्या. खाली कितीही आवडत असलं तरी नुसतं चॉकलेट तिसऱ्या दिवशी नकोसं होतं.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि परदेशातल्या नातेवाइकाने दिलेला छोटा सॅटेलाइट मेसेंजरही त्यातच मोडतो. विमानतळावर त्यावरून लोकांना अटक झालेली आहे. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवा.

सुरू खोऱ्यातल्या तांगोल गावच्या पोर्टरांशी मजुरी आणि वजन आधी बोलून घ्या. त्यांचे बूट, गॉगल, विमा आपल्याच खर्चात धरा. सुरू खोऱ्यात बहुसंख्य शिया मुस्लिम आहेत. तुमच्या तारखांत मोहरम येतो का ते बघा, त्या दिवसांत माणसं मिळतील असं धरून चालू नका आणि आग्रहही करू नका.

माथ्याच्या दिवशी परत फिरायची वेळ बेस कॅम्पलाच ठरवा आणि प्रत्येकाच्या वहीत लिहा. आम्ही दुपारी एक लिहिली होती. परतीचं तिकीट बदलता येणारं काढा, महाग पडलं तरी. घरच्यांना परतीची तारीख सांगताना ते पाच दिवस धरूनच सांगा.