आखातातली डीव्हीडी कोकणात लावताना

माळ्यावरच्या ट्रंकेतली डीव्हीडी चालली नाही की पहिली शिवी प्लेअरला बसते. आधी डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. इथल्या पावसाळ्यात बुरशीची बारीक जाळी धरतेच. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाका, बोटांनी हलकं चोळा, धुवा. खाडीकाठचं मचूळ पाणी नको, वाळल्यावर क्षारांचे डाग राहतात. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल कधीच नाही. माहिती गोल रेघेत असते. रेघ आडवी छेदणारा ओरखडा प्लेअर सावरून घेतो, रेघेसोबत धावणारा बहुधा नाही.

स्वच्छ करूनही पडद्यावर रीजनची तक्रार आली तर ते कुलूप: जगाचे विभाग (रीजन) पाडून डिस्क त्या त्या विभागाच्या प्लेअरपुरतीच ठेवलेली असते. भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १, आखाताचा आणि पश्चिम युरोपचा २. रत्नागिरीकडे घरातलं कोणीतरी आखातात असतंच, तेव्हा २ नंबर इथे हमखास निघतो. डब्याच्या मागे पृथ्वीगोलात आकडा छापलेला असतो. ‘ऑल’ असेल तर अडचण नाही.

लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजर, ड्राइव्हची प्रॉपर्टीज, मग डीव्हीडी रीजन. इथे जपून! रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो, नंतर शेवटचा तोच कायम. मोजणी ड्राइव्हच्या आतच असते, विंडोज नव्याने टाकून ती पुसली जात नाही. २ नंबरच्या डिस्क ढीगभर असतील तर एक जुना यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह त्यांच्यासाठीच ठेवा. विंडोज ८ पासून डीव्हीडी लावायची सोय आयती येत नाही, व्हीएलसी हा व्हिडिओ लावायचा प्रोग्राम टाका.

चित्र दिसतं, पण उजेड कमीजास्त होतो? वायर व्हीसीआरमधून गेली असणार. कॉपी रोखणारा सिग्नल त्यालाच गोंधळवतो. पिवळी वायर थेट टीव्हीला लावा. एचडीएमआयवरून जुन्या मॉनिटरवर नुसता काळोख असेल, तर मॉनिटरला एचडीसीपी, म्हणजे एचडीएमआयवरचं कॉपी रोखणारं कुलूप, कळत नाही. तिथेही पिवळी वायर आणि साधा टीव्ही. अमेरिकेची डिस्क जुन्या डबा टीव्हीवर काळीपांढरी दिसली किंवा चित्र वरखाली पळू लागलं, तर प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप ‘पाल’ (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) करा.

डब्यावर ‘एचडी डीव्हीडी’ (ब्लू-रेची जुनी स्पर्धक) असेल तर ब्लू-रे प्लेअर विकत घेऊ नका, त्यावर ती चालत नाही. लेसर दोन्हीकडे निळाच, पण माहितीचा थर एचडी डीव्हीडीत ०.६ मिमी खोल, ब्लू-रेत ०.१. तोशिबाने २००८ च्या फेब्रुवारीत एचडी डीव्हीडी बंद केली. फक्त ‘कॉम्बो’ लिहिलंय का तेवढं बघा: तसल्या डिस्कच्या दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असते. उलटी करून घाला.