थर्टी-थर्टीत गोळी कुठली भरायची? लिव्हर रायफलवाल्या आपल्या पोरांसाठी

आधीच क्लिअर सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी फोन करून डोकं खायला नको. थर्टी-थर्टी (.30-30) म्हणजे अमेरिकेतलं हरणाच्या शिकारीचं जुनं रायफल काडतूस, आणि लिव्हर रायफल म्हणजे ट्रिगरजवळचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस आत घ्यायची रायफल. हे जे लिहितोय ते अमेरिकेत राहून तिकडच्या लायसन्सवर हरणाची शिकार करणाऱ्या आपल्या पोरांसाठी आहे, इकडे देवगड-कुडाळात कोणी उद्योग करायला जाऊ नका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि परवान्याशिवाय घरात काडतूस भरणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली सरळ सरळ गुन्हा आहे. वाडीत ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे त्यांना तर इलेक्शन लागलं की ती पोलीस ठाण्यात जमा करायचीच सवय आहे, त्यांना वेगळं काय सांगणार.

तिकडेही एक भानगड आहे जी आपली बरीच मुलं लक्षात घेत नाहीत. एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, लायसन्सची मुदत संपली की सूट पण गेली. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. शिवाय राज्याराज्यात फरक, ओहायोत हरणाला थर्टी-थर्टी चालतच नाही कारण तिथे सरळ भिंतीची केस (काडतुसाची पितळी नळी) लागते आणि थर्टी-थर्टीची केस गळ्याशी बारीक होते, म्हणून तिथली माणसं फोर्टीफाय-सेव्हंटी (.45-70) नाहीतर फोर-फोर्टीफोर मार्लिन (.444) ही सरळ केसची काडतुसं वापरतात. राज्याच्या साइटवर जाऊन यंदाचे नियम वाचा, मित्राने सांगितलं म्हणून चालणार नाही.

आता मुद्द्यावर. मी मिशिगनला नोकरीत होतो तोवर स्वतःची काडतुसं स्वतः भरायचो, म्हणजे केसमध्ये पावडर (दारू) घालून वर गोळी बसवायचो, आता इथे कलमं बघतो, पण पुतण्या तिकडे आहे आणि ऑक्टोबर आला की त्याचा व्हिडिओ कॉल ठरलेला, "काका, दीडशे घेव काय एकशे सत्तर?" म्हणजे गोळीचं वजन, ग्रेनमध्ये. त्याचं उत्तर खाली येतंय, पण त्याच्या आधी रायफलचं मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची जागा, बघा.

विंचेस्टर ९४, मार्लिन ३३६, हेन्रीची बहुतेक मॉडेलं, या सगळ्यांत मुख्य नळीच्या खाली दुसरी नळी असते आणि काडतुसं तिच्यात एकामागोमाग एक आडवी बसतात. म्हणजे मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडाला, बरोबर प्रायमरवर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) टेकलेलं. बार काढला की धक्का बसतो, सगळी रांग मागे-पुढे आपटते, आणि टोकदार गोळी असेल तर तीच फायरिंग पिनचं काम करू शकते. हे फुटतं कुठे, तर तुमच्या डाव्या पंजाच्या वर. म्हणून ट्यूब मॅगझिनला सपाट टोकाची गोळी, बॉक्सवर फ्लॅट नोज किंवा फ्लॅट पॉइंट लिहिलेली, नाहीतर बोथट राउंड नोज जी त्याच रायफलसाठी म्हणून विकली जाते. काही म्हातारे एक चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून बार निघतो) आणि एकच ट्यूबमध्ये ठेवून टोकदार वापरतात, तत्त्वतः ठीक आहे, पण थंडीत बोटं गारठलेली असताना तिसरं काडतूस आत सरकवायला किती वेळ लागतो, मला ते अजिबात पटत नाही. सॅव्हेज ९९, ब्राउनिंग बीएलआर किंवा विंचेस्टर १८९५ असेल तर प्रश्नच नाही, तिथे काडतुसं एकामागे एक रांगेत नसतात, टोकदार बिनधास्त चालते.

टोक असलेली पण ट्यूबला चालणारी प्रसिद्ध जात म्हणजे हॉर्नडीची एफटीएक्स, २००५-०६ च्या सुमारास आली. तिचं टोक रबरासारखं मऊ असतं, दाबलं की दबतं. पण इथे नीट बघा हं, तिचं टोक लाल आणि त्याच कंपनीच्या एसएसटीचं टोक पण लालच, आणि एसएसटीचं कडक प्लास्टिक असतं जे ट्यूबमध्ये अजिबात नको. सुट्या गोळ्या डब्यातून काढून बरणीत ओतून ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा. मूळ डब्यात, मूळ लेबलसकट ठेवायच्या.

आता खरा विषय, गोळी फुलणं. हरणाच्या छातीत गेल्यावर पुढचं शिसं मागे वळतं, तांब्याचं जॅकेट पाकळ्यांसारखं उघडतं आणि गोळी अळंबीसारखी होते, जखम रुंद होते, जनावर लवकर पडतं. ही फुलण्याची क्रिया होते ती गोळी जनावराला लागते तेव्हाच्या स्पीडवर. लोक मात्र नळीच्या तोंडापाशीचा स्पीड बघून खूश होतात.

थर्टी-थर्टीची फॅक्टरीची ढोबळ गणितं बघा. दीडशे ग्रेनची गोळी नळीतून २३९० फूट प्रति सेकंदाने निघते, १०० यार्डांवर १९७० च्या आसपास, २०० वर १६०० च्या घरात. एकशे सत्तर ग्रेनची निघते २२०० ने, १०० वर १८९०-१९००, २०० वर १६२०. म्हणजे निघताना दीडशेवाली जवळजवळ दोनशे फुटांनी पुढे आणि दोनशे यार्डांवर दोघी बरोबरीत, उलट जड गोळीच किंचित पुढे. सपाट टोकाला हवा फार अडवते आणि हलकी गोळी वेग लवकर घालवते, त्याचा हा परिणाम. (हे आकडे लांब नळीचे आहेत, तुमची कार्बाईन, म्हणजे आखूड रायफल, २० इंची असेल तर थोडे कमीच धरा.)

मग घोटाळा कुठे होतो? थर्टी-थर्टी आणि थ्री-ओ-एट विंचेस्टर, दोघींची गोळी ०.३०८ इंचाचीच. दुकानात डबे एकाच फळीवर, आणि थ्री-ओ-एटच्या गोळ्या सेलमध्ये स्वस्त मिळतात म्हणून माणूस असंच प्रयोग म्हणून उचलतो. त्या १६५-१८० ग्रेनवाल्या गोळ्यांचं जॅकेट २६००-२७०० च्या स्पीडला टिकावं म्हणून जाड केलेलं असतं, थर्टी-थर्टीतून दीडशे यार्डांवर ती १७००-१८०० ने पोचली तर फुलतेच असं नाही, सरळ आरपार भोक पाडून जाते आणि हरीण दोन शेतं ओलांडून कुठेतरी झाडीत मरतं, सापडलं तर सापडलं. उलटंही तितकंच वाईट, थर्टी-थर्टीची पातळ जॅकेटवाली सपाट गोळी थ्री-ओ-एटमध्ये भरून जवळून मारली तर खांद्याच्या हाडावरच चुरा, आत काही जातच नाही.

पिस्तुलाच्या गोळ्यांचं पण हेच. फॉर्टीफोर मॅग्नमची लिव्हर कार्बाईन असेल तर पिस्तुलापेक्षा लांब नळीमुळे तीच २४० ग्रेनची गोळी तीनेकशे फूट जास्त वेगाने जाते, तिथे पातळ होलो पॉइंटपेक्षा (टोकाला पोकळी असलेली) जाड जॅकेटवाली किंवा सॉफ्ट पॉइंट (टोकाचं शिसं उघडं असलेली) बरी. फोर-फोर्टीफोर मार्लिनला तर त्या पिस्तुलाच्या गोळ्या नकोतच, हॉर्नडीची २६५ ग्रेनची सपाट खास त्या रायफलसाठी आहे, ती घ्या. फोर्टीफाय-सेव्हंटीला ३०० ग्रेनच्या होलो पॉइंटपासून ४०५ च्या सॉफ्ट पॉइंटपर्यंत बरंच मिळतं, साध्या हरणाला ३०० पुरते. फक्त फोर-फिफ्टीएट विन मॅगच्या ५०० ग्रेनच्या गोळ्या घेऊ नका, व्यास तोच ०.४५८ पण त्या आफ्रिकेतल्या रानरेड्यासाठी बांधलेल्या, हरणात त्या फुलायचं नाव घेणार नाहीत. आणि फोर्टीफाय-सेव्हंटीत पावडर किती भरायची याचा डेटा मॅन्युअलमध्ये तीन वेगळ्या भागांत असतो, जुन्या ट्रॅपडोअर रायफलींसाठी, मार्लिनसारख्या लिव्हरसाठी आणि त्याहून मजबूत रुगर नंबर वनसाठी. तिसऱ्या भागाचं पान चुकून उघडलं गेलं तर लिव्हर रायफल उघडी पडेल, अक्षरशः.

तर दीडशे की एकशे सत्तर. माझं मत एकशे सत्तर, साधी, शिशाचं टोक उघडं असलेली सपाट गोळी, सिएरा, स्पीअर, हॉर्नडी कुठलीही. झाडीत ५०-१०० यार्डांवर हरीण तिरकं उभं असतं, तिथे वजन आत नेतं, आणि टेक्सासात रानडुक्कर मारायचं असेल तर खांद्यावरची जाड कातडी बघता दीडशे मी घेणारच नाही. वजन डोळ्यासमोर यावं म्हणून, आपला जुना ११.६६ ग्रॅमचा तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, त्यामुळे ही गोळी तोळ्याला थोडी कमी. दीडशेवाली वाईट नाही, धक्का कमी, लहान चणीच्या माणसाला किंवा पहिल्यांदा शिकणाऱ्याला तीच द्या, कारण घाबरून ट्रिगर खेचणाऱ्याला एकशे सत्तर काय आणि दोनशे काय. पार्टिशन, बाँडेड वगैरे महागातल्या गोळ्या आहेत, एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) किंवा अस्वल असेल तर पैसे टाका, पांढऱ्या शेपटीच्या हरणाला या स्पीडवर साधी गोळी व्यवस्थित काम करते.

कॅलिफोर्नियात असाल तर हा वादच नाही, १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीला शिसं पूर्ण बंद, कारण मेलेल्या जनावरातलं शिसं खाऊन काँडॉर गिधाडं मरत होती. तिथे पूर्ण तांब्याची, बार्न्सची दीडशे ग्रेनची सपाट टोकाची चालते. तांबं हलकं म्हणून तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते, केसमध्ये जास्त जागा खाते, तेव्हा शिशाच्या गोळीचा पावडर डेटा तिला लावायचा नाही. पावडर किती हे मी इथे लिहिणार नाही आणि कोणी मेसेज करून विचारू पण नका. गोळी बनवणाऱ्या कंपनीचं चालू मॅन्युअल घ्यायचं, त्यातल्या कमीत कमी आकड्यापासून सुरू करायचं.

गोळी हातात घेतलीत की तिच्या कमरेवर एक खाचांची रेघ दिसते, कॅनलुअर म्हणतात. लिव्हरला ती नसलेली गोळी घेऊ नका. ट्यूबमधली स्प्रिंग सतत ढकलत असते, वर धक्का बसतो, आणि गोळी केसमध्ये मागे सरकली तर प्रेशर वाढतं. केसची कड त्या खाचेत वळवून बसवायची, म्हणजे क्रिम्प, आणि त्यासाठी सगळ्या केसेस ट्रिम करून एकाच लांबीच्या हव्यात, नाहीतर लांब केसला जास्त क्रिम्प आणि आखूडला काहीच नाही असं होतं. जास्त दाबलं तर थर्टी-थर्टीची पातळ केस खांद्याखाली फुगते आणि काडतूस चेंबरमध्ये अडकतं, लिव्हरला बोल्ट रायफलसारखी ताकद नसते त्याला आत ढकलायला. पुतण्याला मी एक ट्रिक दाखवलीय, डमी काडतूस करायचं, पावडर नाही प्रायमर नाही, लांबी कॅलिपरने मोजायची, मग गोळीचं टोक टेबलाच्या लाकडावर ठेवून अंगठ्याने बुडाला चांगला जोर द्यायचा आणि परत मोजायची. आकडा हलला तर क्रिम्प कच्चा. नंतर त्याच डमीला काळं मार्कर फासून लिव्हरने आत-बाहेर करायची, जिथे शाई खरडली गेली तिथे घासतंय. एकूण लांबी २.५५ इंचाच्या वर गेली की थर्टी-थर्टीचं काडतूस लिफ्टरवर (ट्यूबमधून काडतूस वर उचलणारा भाग) अडणार, आणि एफटीएक्स फोर्टीफाय-सेव्हंटीत भरायची असेल तर ती गोळी लांब असल्याने केसच २.०४ इंचापर्यंत कापावी लागते, ती कापलेली केस मग साध्या गोळ्यांना वापरू नका, क्रिम्प जागेवर येणार नाही.

शेवटी टेस्ट, जी कोणी करत नाही. दुधाचे गॅलनचे रिकामे कॅन पाण्याने भरून रेंजवर एकामागे एक रांगेत ठेवा, आणि ठेवा खऱ्या अंतरावर. पंधरा यार्डांवरून मारून "काय फुललीय बघ" असं फोटो टाकणारे बरेच असतात, त्या स्पीडला कुठलीही फुलते. तुम्ही जास्तीत जास्त दीडशेवरून मारणार असाल तर कॅन दीडशेवर. मिळालेली गोळी धुऊन पुसून व्यास मोजा, वजन करा. पुतण्याने गेल्या सीझनला एक कॅमेऱ्यासमोर धरली होती, पुढून जॅकेट चार ठिकाणी फाटून मागे वळलेलं, शिसं बुडाला घट्ट चिकटलेलं, एका पाकळीत प्लास्टिकचा तुकडा अडकलेला. व्यास दीडपटीच्या वर आणि वजन दोन तृतीयांशाच्या वर राहिलं असेल तर मी त्या गोळीवर खूश. टोक नुसतं चेपलंय आणि बाकी गोळी जशीच्या तशी असेल तर मऊ गोळी शोधा किंवा जवळून मारा. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, मटण कापताना जखमेच्या आजूबाजूचं भरपूर काढून टाकायचं, त्यात शिशाचे बारीक कण असतात आणि पोरं खाणार असतात.

आणि गणपतीला घरी यायच्या आधी शिकारीला वापरलेली बॅग, जॅकेटचे खिसे, पॅंटचे खिसे सगळं उलटं करून झटकून बघा, शक्यतो ती बॅग आणूच नका. मुंबईला किंवा मोपाला बॅगेत एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, चुकून राहिलं म्हटलं तरी आधी पोलीस ठाणं, मग वकील, आणि गणपती जातात पाण्यात तोवर तुम्ही तिथेच.