खाकी शर्टापासून कापडी चिलखत कसे करावे

गणवेशात माणसाचे वेगळेपण पुसण्याचे काम मोजक्या जागा करतात: खांद्यावरची पट्टी, छातीवरचे खिसे, बिल्ल्याची जागा आणि एकसारखी बटणे. बदल याच जागी करावेत आणि उरलेला शर्ट तसाच राहू द्यावा, कारण मूळ गणवेश ओळखू आला नाही तर केलेला बदलही कोणाच्या लक्षात येत नाही.

शर्ट सुती ड्रिलचा (जाड, तिरप्या विणीच्या कापडाचा), धुऊन मऊ झालेला आणि एक माप सैल असावा. खरे बिल्ले व पदचिन्हे आधी उसवून काढावीत. आपण सैनिक आहोत असे इतरांना वाटावे या हेतूने सैनिकी पोशाख घालणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे.

फॅशन डिझायनर पॅको रबान यांनी १९६६ मध्ये पॅरिसला धातूचे व प्लॅस्टिकचे पोशाख दाखवले. ते पाहण्यासारखे होते, मे महिन्यात भुसावळच्या एसटीत घालून बसण्यासारखे नव्हते. सुदैवाने कापसाचे थर टाचून केलेली चिलखतेही हिंदुस्थानात वापरली जात, आणि थर टाचण्याची ती कला खानदेशात गोधडीच्या धावदोऱ्यात घरोघरी आहे.

जुन्या सुती लुगड्याचे तीन थर घेऊन मानेपासून मुंढ्याच्या शिवणीपर्यंतचा खांद्याचा तुकडा कापावा. टाचल्यावर कापड आकसते, म्हणून चहूबाजूंनी इंचभर जास्त ठेवावे आणि नेमके माप टाचून झाल्यावरच कापावे. धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतराने घालाव्यात. त्याहून दाट घातल्यास तुकडा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. त्यावर दीड इंच रुंद व दोन इंच लांब अशा दुमडून शिवलेल्या कापडी पट्ट्या खवल्यांप्रमाणे बसवाव्यात. सुरुवात मुंढ्याकडच्या ओळीपासून करावी, वरची ओळ खालचीचा एक तृतीयांश भाग झाकेल अशी ठेवावी आणि प्रत्येक पट्टी फक्त वरच्या कडेला शिवावी. मुंढ्याची शिवण ओलांडून टाके घातले तर हात वर होत नाही. तयार तुकडा टिचबटणांनी लावावा, म्हणजे धुताना काढता येतो.

बिल्ल्याच्या जागी केळीचा घड किंवा कापसाचे बोंड घालण्याचा मोह आवरावा. ती चिन्हे जळगाव जिल्ह्याची झाली, घालणाऱ्याची नव्हेत. आजीच्या लुगड्याच्या किनारीचा तुकडा किंवा घरात म्हटली जाणारी अहिराणी ओवी तिथे भरतकामाने घ्यावी. ओवी लांब असेल तर ती बाहीच्या कफच्या आतल्या बाजूने भरावी, म्हणजे बाही दुमडली की वाचता येते.